अस्वलं, कारंजी आणि एक रस्ता

२०२२ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला दीडशे वर्षं पूर्ण झाली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये नदीनं उद्यानाचा रस्ता गिळला. डोंगरावरचं बर्फ वितळत होतं, त्यावर मुसळधार पाऊस कोसळला. १३ जूनला गार्डनर नदीनं गार्डिनर गाव ते मॅमथ हॉट स्प्रिंग्ज हा उत्तरेकडचा रस्ता जागोजागी तोडून टाकला. पाचही प्रवेशद्वारं बंद झाली आणि दहा हजारांहून अधिक पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. वाहून गेलेला रस्ता त्याच जागी बांधायचा तर काही वर्षं गेली असती. म्हणून अभियंत्यांनी नदीपासून उंचावर, डोंगरउतारावर पडून असलेली एक कच्ची, एकेरी वाट हाती घेतली. घोडागाड्यांच्या काळातली ती वाट रुंद झाली, तिच्यावर डांबर पडलं, कठडे बसले आणि ऑक्टोबरअखेर तिच्यावरून दुतर्फा मोटारी धावू लागल्या.

यलोस्टोनचा इतिहास सांगताना १८७२ चा कायदा, डोंगरदऱ्या, ज्वालामुखी यांची वर्णनं भरभरून येतात. रस्त्याला मात्र त्यात जेमतेम एखादी ओळ मिळते. हा अन्याय आहे. कायद्यानं सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशाला सीमा घातली. पण आत येणाऱ्या माणसानं काय पाहायचं, कुठल्या क्रमानं आणि किती जवळून, हे रस्त्यानं ठरवलं. तिथल्या प्राण्यांनी माणसाशी कसं वागायचं, तेही बऱ्याच अंशी रस्त्यानंच शिकवलं.

वाटा तिथं आधीपासून होत्या. इथल्या ऑब्सिडियन क्लिफ या कड्यातली ज्वालामुखीजन्य काळी काच हजारो वर्षं बाणांच्या आणि भाल्यांच्या टोकांसाठी वापरली जात होती. तिथून निघालेली काच पूर्वेला पार ओहायोतल्या प्राचीन दफनटेकड्यांमध्ये सापडली आहे. शोशोनी, क्रो, बॅनॉक, ब्लॅकफीट अशा अनेक जमातींची या पठारावर ये-जा होती, आणि शोशोनींपैकी ‘शीपईटर’ म्हणून ओळखले जाणारे लोक तर इथंच राहत. तरीही इथल्या मूळ रहिवाशांना कारंज्यांची भीती वाटते, ते तिकडे फिरकत नाहीत, ही गोष्ट उद्यानाच्या सुरुवातीच्या काळात पर्यटकांना आवर्जून सांगितली गेली. जागा निर्मनुष्य होती असं भासवणं सोयीचं होतं.

वॉशबर्न मोहिमेनं १८७० मध्ये ओल्ड फेथफुल या कारंज्याला त्याचं नाव दिलं. पुढच्या वर्षी हेडनच्या सर्वेक्षणासोबत चित्रकार थॉमस मोरन आणि छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन गेले, आणि १ मार्च १८७२ ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी उद्यानाच्या कायद्यावर सही केली. कायदा झाला, पण पैसा मिळाला नाही. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफर्ड यांना पगारसुद्धा नव्हता.

रस्त्याची खरी सुरुवात दुसरे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांनी केली. १८७७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन सैन्यापासून निसटणारे नेझ पर्स जमातीचे लोक आपल्या बायकामुलांसह उद्यानातून गेले. वाटेत त्यांची पर्यटकांशी गाठ पडली, काहींना त्यांनी पकडलं, गोळीबार झाला. त्यानंतर वाटा बांधण्याची निकड सरकारलाही पटली. १८७८ मध्ये नॉरिस यांचा रस्ता ऑब्सिडियन क्लिफच्या पायथ्याशी येऊन अडला. तिथं काचेच्या मोठमोठ्या शिळांचा खच होता. नॉरिस यांच्या माणसांनी शिळांना आगी लावल्या, त्या तापल्यावर वरून थंड पाणी ओतलं आणि तडकलेल्या काचेचे तुकडे पसरून गाडीवाट केली.

नॉरिस यांच्या वाटा घाईच्या आणि ओबडधोबड होत्या. १८८३ मध्ये लष्कराच्या अभियंता दलातले लेफ्टनंट डॅन किंगमन आले. पुढे हायरम चिटेंडन यांनी १९०५ च्या सुमारास ते काम तडीस नेलं. त्यातून आजचा ‘ग्रँड लूप’ तयार झाला. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी ही जोडवर्तुळं सुमारे २३० किलोमीटर भरतात. मॅमथचे चुन्याचे सोपान, नॉरिस खोरं, ओल्ड फेथफुल, सरोवर आणि यलोस्टोनची घळई ही सगळी ठिकाणं या एका रेषेत ओवली गेली. रस्ता ठेवायचा, पण निसर्गावर शक्य तितका कमी ओरखडा काढायचा, हे धोरण या अभियंत्यांनी जपलं. उद्यानाच्या मोठ्या भागात आजही रस्ता नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

रेल्वे १८८३ मध्येच उत्तर सीमेजवळ पोहोचली होती. तिथून पिवळ्या घोडागाड्यांची पाच दिवसांची फेरी सुरू होई, रोज एक टप्पा आणि रात्री हॉटेल. धुळीपासून वाचायला प्रवासी अंगभर लांब झगे चढवत. ज्यांना ही चैन परवडत नसे ते स्वतःची खटारगाडी, तंबू आणि शिधा घेऊन येत. त्यांना ‘सेजब्रशर’ म्हणत. १८८९ च्या जुलैमध्ये इथं आलेल्या प्रवाशांमध्ये एक तेवीस वर्षांचा पत्रकार होता, मुंबईत जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात जन्मलेला रुडयार्ड किपलिंग. त्यानं यलोस्टोनची वर्णनं अलाहाबादच्या ‘पायोनियर’ या वृत्तपत्रासाठी लिहून पाठवली. म्हणजे या कारंज्यांच्या सफरीची हकिकत हिंदुस्थानातला वाचक १८८९ च्या सुमारासच वाचत होता.

या फेरीचं मुख्य आकर्षण अर्थातच गरम पाण्याची कारंजी. जगातल्या अशा कारंज्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५००, यलोस्टोनमध्ये आहेत. जमिनीत झिरपलेलं पाणी खोलवरच्या तप्त खडकाजवळ पोहोचतं. वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उकळबिंदू ओलांडूनही उकळत नाही. सिलिकाच्या थरानं आवळलेल्या अरुंद नळीतून थोडं पाणी वर सांडलं की दाब कमी होतो, खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि सगळा स्तंभ आकाशात उसळतो. ओल्ड फेथफुल असा ३२ ते ५६ मीटर उंच उडतो. ही नळी फार नाजूक असते, आणि घोडागाडीनं लोकांना नेऊन उतरवलं थेट तिच्या तोंडाशी.

पुढे जे घडलं ते वाचवत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ आर्नल्ड हेग यांनी १८८९ मध्ये साबण घालून कारंजी उडवण्यावर चक्क शास्त्रीय निबंध लिहिला. त्यातली हकिकत अशी, की एका चिनी धोब्यानं गरम झऱ्यावर तंबू ठोकून कपडे धुवायला काढले, पाण्यात साबण पडला आणि झरा उसळला. साबणानं पाण्याचा पृष्ठताण बदलतो आणि उकळायच्या बेतात असलेलं पाणी भडकतं. हे कळल्यावर पर्यटक साबण खिशात घालून फिरू लागले. कारंज्यांच्या कडेचे सिलिकाचे नक्षीदार कंगोरे तोडून नेणं आणि खडकावर नाव कोरणं हेही चालू होतं. १८८६ पासून उद्यान लष्कराच्या ताब्यात होतं. नाव कोरणाऱ्याला शिपाई परत फिरवून ते घासून काढायला लावत. हँडकरचीफ पूल नावाच्या झऱ्यात लोक रुमाल टाकत. प्रवाह तो खाली ओढून नेई आणि थोड्या वेळानं धुऊन वर आणून देई. कचरा आणि ओंडके कोंबल्यामुळे १९२० च्या दशकात या झऱ्याचा खेळ थांबला.

१ ऑगस्ट १९१५ पासून मोटारींना अधिकृत प्रवेश मिळाला. सुरुवातीचे नियम कडक होते. चढावर, उतारावर आणि वळणावर वेगाची वेगवेगळी मर्यादा होती, सुटण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या, आणि समोरून घोडे आले की मोटारीनं रस्त्याच्या दरीकडच्या कडेला थांबायचं. पण घोडे बुजायचे ते बुजतच. दोनच वर्षांत, १९१७ मध्ये, घोडागाड्या गेल्या आणि व्हाइट कंपनीच्या पिवळ्या मोटारबसेस आल्या. सेजब्रशरांच्या खटारगाडीची जागा स्वतःच्या फोर्डनं घेतली. आता प्रवासी हवं तिथं थांबू शकत होता, आणि हे सर्वांत आधी ओळखलं अस्वलांनी.

अस्वलं आणि उष्टं-खरकटं यांचं नातं त्याआधीचं. हॉटेलांमागच्या कचऱ्यावर ती १८८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच येऊ लागली होती आणि ते पाहणं हा संध्याकाळचा कार्यक्रम झाला होता. अस्वलांना हातानं भरवायला १९०२ मध्ये बंदी झाली. ती कागदावरच राहिली. मोटारी आल्यावर काळी अस्वलं रस्त्याच्या कडेला बसून वाट पाहू लागली. गाडी अडवून खाऊ वसूल करणाऱ्या एका अस्वलाला लोकांनी कुप्रसिद्ध दरोडेखोर जेसी जेम्सचं नाव दिलं. १९१९ ते १९२९ अधीक्षक असलेले होरेस ऑलब्राइट यांनी अस्वलांसोबत टेबलाशी बसून छायाचित्र काढून घेतलं. नव्या राष्ट्रीय उद्यान सेवेला लोकांचा पाठिंबा हवा होता आणि अस्वलाइतकी चांगली जाहिरात दुसरी नव्हती. १९३१ मध्ये घळईजवळ ऑटर क्रीक इथं प्रेक्षकांसाठी बाकांच्या रांगा बांधल्या गेल्या. समोरच्या ओट्यावर हॉटेलांतला कचरा ओतला जाई, ग्रिझली अस्वलं येऊन तो खात आणि रेंजर त्याच वेळी लोकांना निसर्गाची माहिती देत. हा प्रकार १९४१ च्या हंगामानंतर थांबला. रस्त्यावरची भीक पुढेही पंचवीस-तीस वर्षं चालली.

तिची किंमत आकड्यांत आहे. १९३१ ते १९६९ या काळात दरवर्षी सरासरी ४८ माणसं अस्वलांमुळे जखमी होत होती. वाहनं आणि तंबूंच्या नुकसानीच्या घटना वर्षाला शंभरावर जात. ज्या अस्वलानं माणूस जखमी केला ते बहुधा मारलं जाई. त्याला गाडीच्या खिडकीत तोंड घालायला शिकवणारा घरी परतलेला असे.

फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या भावांनी १९५९ पासून ग्रिझलींचा अभ्यास केला, त्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टे घातले. कचऱ्याचे ढीग एकदम बंद करू नका, त्यावर वाढलेल्या अस्वलांना सवय मोडायला वेळ द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. व्यवस्थापनानं १९७० पर्यंत ढीग झपाट्यानं बंद केले. उपाशी अस्वलं तळांवर आणि गावांत शिरली आणि अनेक मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझलीला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घालावं लागलं. तेव्हा उद्यान आणि भोवतालच्या प्रदेशात मिळून त्यांची संख्या सुमारे १३६ होती. ढीग बंद करायलाच हवे होते. पण घाई केली ती माणसांनी आणि भोगलं अस्वलांनी. आज त्याच प्रदेशात त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे, आणि अस्वलामुळे होणाऱ्या दुखापती वर्षाला सरासरी एकावर आल्या आहेत. कचराकुंड्यांना अस्वलाला उघडता न येणारी झाकणं बसली, खाऊ देणाऱ्याला दंड झाला, अस्वल आणि लांडग्यापासून सुमारे ९१ मीटर आणि इतर प्राण्यांपासून २३ मीटर अंतराचा नियम आला.

रस्त्यालाही अंतर राखायला शिकवावं लागलं. मॉर्निंग ग्लोरी हे निळंशार कुंड अनेक वर्षं मुख्य रस्त्याला लागूनच होतं. येणारा-जाणारा त्यात काहीतरी टाके. १९५० मध्ये कुंड मुद्दाम उसळवलं तेव्हा त्यातून ढीगभर नाणी, बाटल्या, डबे, रुमाल, मोजे निघाले. कचऱ्यानं गरम पाण्याच्या वाटा बुजल्या, पाणी निवलं आणि कडेचे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव आत सरकले. १९७१ मध्ये मोटाररस्ता तिथून हलवला. आज तिथं चालत जावं लागतं. निळाई मात्र पूर्वीसारखी परतली नाही.

लांडग्यांची गोष्ट रस्त्याच्या दृष्टीनं सर्वांत विलक्षण आहे. हरणं वाचवायची म्हणून उद्यानानंच त्यांना मारलं. १९२६ मध्ये सोडा ब्यूटजवळ रेंजरांनी दोन पिल्लं मारली आणि ते प्रकरण संपलं. १२ जानेवारी १९९५ ला कॅनडातल्या अल्बर्टातून पकडलेले पहिले आठ लांडगे ट्रकमधून गार्डिनरला आले. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०३ मध्ये जिची कोनशिला बसवली त्या दगडी कमानीखालून ते आत गेले. १९९६ अखेर एकूण ३१ लांडगे आणले गेले. ते क्वचितच दिसतील असा तज्ज्ञांचा अंदाज होता. पण लामार खोऱ्यातून कुक सिटीला जाणारा रस्ता हा उद्यानातला मोटारींना बारमाही खुला असणारा एकमेव रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंना उघडं गवताळ रान पसरलेलं. लांडगे तिथं जवळपास रोज दिसू लागले. उणे तापमानात पहाटेपासून दुर्बिणी लावून बसणारी माणसं तयार झाली. लांडगे पाहायला येणारे लोक आसपासच्या राज्यांत वर्षाला सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्च करतात, असा अंदाज २००५ च्या पाहणीतून निघाला.

या लांडग्यांना कुणी भरवलं नाही, पण रस्त्यावर उभी असलेली माणसं इजा करत नाहीत एवढं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या कळत गेलं. उद्यानाची सीमा त्यांना दिसत नाही. २०२१ मध्ये मॉन्टाना राज्यानं सीमेलगतच्या शिकारीवरची संख्येची मर्यादा काढून टाकली. त्या हिवाळ्यात सीमेबाहेर गेलेले यलोस्टोनचे २५ लांडगे मारले गेले. १९९५ नंतर एका हंगामातला हा सर्वांत मोठा आकडा होता. अधीक्षक कॅम शॉली यांनी राज्यपालांना पत्र लिहून शिकार थांबवण्याची विनंती केली होती. पुढच्या हंगामासाठी राज्याच्या आयोगानं सीमेलगतची मर्यादा पुन्हा घातली, सहा लांडग्यांची.