खाटेवरून पाण्यात

१९४४मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना चक्क खेळायला लावले. त्याआधी असे जखमी बहुधा शय्याव्रणांनी नाहीतर मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत.

आपल्याकडचे असेच उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. ते लष्करात मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटरचे सुवर्ण ३७.३३ सेकंदांत जिंकून आले. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडले!

अशा जखमी जवानांसाठी खडकीत १९७४मध्ये पुनर्वसन केंद्र निघाले. लष्कराबाहेरच्या दिव्यांगांची वाट लांबची. खानदेशात, जळगावला, दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग विद्यार्थी राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांत व्हीलचेअरवरची मुलेही आहेत.