९० मिनिटे आणि २८ वर्षे : डॉ. तालिमेरेन आओ

#थ्रेड #इतिहास

१) २९ जुलै १९४८. लंडनचे वेम्बली स्टेडियम. स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिम्पिक पथक संचलनासाठी मैदानात उतरले. पुढे तिरंगा घेऊन चालत होता नागा टेकड्यांतून आलेला ३० वर्षांचा एक तरुण : भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार तालिमेरेन आओ. त्या वेळी तो कलकत्त्यात वैद्यकाचा विद्यार्थी होता.

२) दोनच वर्षांनी तालिमेरेन एम.बी.बी.एस. झाले आणि कलकत्त्याच्या फुटबॉलचा निरोप घेऊन ईशान्येला परतले. पुढची २८ वर्षे त्यांनी वैद्यकीय सेवेत काढली. क्रीडेतिहासाने त्यांची ९० मिनिटे जपली. २८ वर्षांच्या वाट्याला बहुधा एखादीच ओळ येते. या धाग्यात दोन्हींचा विचार आहे.

३) जन्म २८ जानेवारी १९१८, चांगकी गाव. तेव्हा हा भाग आसाम प्रांतातील नागा हिल्स जिल्ह्यात होता. वडील रेव्हरंड सुबोंगवाती हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनचे आओ प्रदेशातील केंद्र इम्पूर येथे होते. कुटुंब तिथे राहायला गेले आणि चिंध्यांच्या चेंडूवर तालिमेरेन फुटबॉल शिकले.

४) तालिमेरेन किशोरवयात असताना वडील विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, गेले. या मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची अखेरची इच्छा होती. १९३० च्या दशकात टायफॉइडवर गुणकारी औषधच नव्हते. शुश्रूषा करायची, पाणी व पातळ अन्न द्यायचे आणि ताप उतरण्याची वाट पाहायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असे.

५) जोरहाटची मिशन शाळा, मग गुवाहाटीचे कॉटन कॉलेज. गुवाहाटीत महाराणा क्लबकडून खेळताना त्यांचे नाव झाले. १९४२ मध्ये त्यांना कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. बंगालचे गव्हर्नर लॉर्ड कारमायकेल यांचे नाव मिरवणारी ही संस्था १९४८ मध्ये संस्थापकांच्या नावाने आर. जी. कर मेडिकल कॉलेज झाली.

६) १९४३ मध्ये ते मोहन बागानमध्ये दाखल झाले. हा केवळ एक क्लब नव्हता. २९ जुलै १९११ रोजी याच संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली होती, तीही बहुतांश अनवाणी खेळाडूंच्या बळावर. वेम्बलीत तालिमेरेन यांनी तिरंगा धरला, तो याच विजयाचा ३७ वा वर्धापनदिन होता.

७) तालिमेरेन सेंटर हाफच्या जागी खेळत. बचाव आणि आक्रमण यांना जोडणारी ती जागा. मोहन बागानने १९४३ आणि १९४४ मध्ये कलकत्ता लीग जिंकली. क्लबचे कर्णधारपदही लवकरच तालिमेरेन यांच्याकडे आले.

८) ती वर्षे कलकत्त्यासाठी भयंकर होती. १९४३ च्या दुष्काळात भुकेले लोक खेड्यांतून शहराच्या पदपथांवर येऊन मरत होते. ऑगस्ट १९४६ मध्ये भीषण जातीय दंगली झाल्या. त्या वर्षी आय.एफ.ए. शील्ड पूर्ण होऊ शकली नाही आणि १९४७ मध्ये लीग खेळवली गेली नाही. याच शहरात तालिमेरेन वैद्यक शिकत होते.

९) आणखी एक संदर्भ ध्यानात घ्यायला हवा. भारताच्या स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्ट १९४७ रोजी, नागा नॅशनल कौन्सिलने नागांचे स्वातंत्र्य जाहीर केले होते. वर्षही पुरते सरले नव्हते आणि जगासमोर भारताचा ध्वज एका नागा खेळाडूच्या हाती होता. भारत नावाचे राष्ट्र घडत असतानाची गुंतागुंत या एका दृश्यात दिसते.

१०) ३१ जुलै १९४८. इलफर्डचे क्रिकलफील्ड मैदान. भारत विरुद्ध फ्रान्स. फ्रान्सने पहिला गोल केला. ७० व्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. फुटबॉलमधला स्वतंत्र भारताचा हा पहिला ऑलिम्पिक गोल. भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि ८९ व्या मिनिटाला फ्रान्सने सामना २-१ असा जिंकला.

११) बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी होते. काहींच्या पायांना नुसत्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. पत्रकारांनी याविषयी छेडले असता, आम्ही ‘फुटबॉल’ खेळतो, तुमचा मात्र ‘बूटबॉल’ आहे, अशा आशयाचे उत्तर कर्णधाराने दिल्याचे सांगितले जाते. तालिमेरेन यांची सार्वजनिक स्मृती आजही बव्हंशी या एका वाक्याभोवती फिरते.

१२) दुसरी लोकप्रिय कथा : लंडनच्या आर्सेनल क्लबने त्यांना निमंत्रण दिले आणि त्यांनी ते नाकारले. या कथेमुळे त्यांचे परतणे हा मोठा त्याग ठरतो. पण ही मांडणी उलटी आहे. डॉक्टर होण्याचा निश्चय फुटबॉलच्या कीर्तीहून जुना होता. कलकत्त्याला ते गेले होते वैद्यकासाठी. वैभव लाभले ते वाटेत.

१३) तेव्हाचे अर्थकारणही पाहावे. ऑलिम्पिकमध्ये हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता आणि भारतीय फुटबॉलमध्ये पोट भरेल असा व्यवसाय उभा राहिलेला नव्हता. नावाजलेले खेळाडूही नोकरी सांभाळून खेळत. त्याच संघातील शैलेन मन्ना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरी करत.

१४) महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. लंडनच्या त्याच ऑलिम्पिकमध्ये गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. आणि १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून नोकरी धरली. मैदानानंतरचे आयुष्य नव्याने उभारणे, ही त्या पिढीची सामायिक कहाणी होती.

१५) युरोपातही हौशी खेळाडूंपुढे हाच प्रश्न होता. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत कापले. तेही वैद्यकाचे विद्यार्थी होते. वर्षअखेर त्यांनी धावणे सोडले आणि मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून कारकीर्द घडवली. त्या धावेपेक्षा चेतासंस्थेवरील आपले संशोधन त्यांना मोलाचे वाटे.

१६) तालिमेरेन १९५० मध्ये डॉक्टर झाले. इथे एक विलक्षण योग आहे. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक टायफॉइडवर गुणकारी ठरते, हे मलायात झालेल्या उपचारांतून सिद्ध झाले ते १९४८ मध्ये, म्हणजे ऑलिम्पिकच्याच वर्षी. ज्या रोगापुढे वडिलांच्या वेळचे डॉक्टर हतबल होते, त्यावर मुलगा डॉक्टर होईपर्यंत औषध सापडले होते.

१७) औषध सापडणे वेगळे आणि ते डोंगरमाथ्यावरच्या गावापर्यंत पोहोचणे वेगळे. त्यासाठी रस्ता हवा, दवाखाना हवा आणि गावाची भाषा जाणणारा डॉक्टर हवा. दिब्रुगडच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात काम केल्यानंतर तालिमेरेन कोहिमाच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले.

१८) हे कोहिमा युद्धाच्या जखमा वागवत होते. १९४४ मध्ये ब्रिटिश-भारतीय आणि जपानी फौजांची निर्णायक लढाई इथेच झाली होती. १९५० च्या दशकात नागा बंडखोरी पेटली, लष्कर आले आणि १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा झाला. सरकारी डॉक्टरला या साऱ्यातच काम करायचे होते.

१९) जोखीम किती होती, हे एका घटनेवरून कळते. भारताशी वाटाघाटी करणाऱ्या नागा पीपल्स कन्व्हेन्शनचे अध्यक्ष इमकोंगलिबा आओ हेही पेशाने डॉक्टरच होते. ऑगस्ट १९६१ मध्ये मोकोकचुंग येथे त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.

२०) १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य स्थापन झाले. नव्या राज्याच्या आरोग्य सेवेचे संचालकपद तालिमेरेन यांच्याकडे आले. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले. राज्याच्या आरोग्य खात्याच्या पहिल्या दीड दशकाची धुरा एका माजी ऑलिम्पिक कर्णधाराकडे होती.

२१) मग हे पर्व विस्मृतीत का गेले? सामन्याला धावफलक असतो, वार्ताहर असतो, छायाचित्रकार असतो. कोणी कितव्या मिनिटाला गोल केला, हे ७५ वर्षांनंतरही सांगता येते. बाह्यरुग्ण विभागातून बरे होऊन घरी गेलेल्या माणसाची वार्ता कोणी छापत नाही. म्हणून जे नोंदले गेले तेच आयुष्य, असे समजण्याची चूक होते.

२२) १३ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, तालिमेरेन आओ यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१८ मध्ये, त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. ईशान्येकडील राज्यांचे संघ आज त्यांच्या नावाच्या चषकासाठी खेळतात. स्पर्धा फुटबॉलची आहे, तरी नाव आहे ‘डॉ. टी. आओ चषक’.

#धागा_समाप्त