साखर-मिठाचं मेहूण

जुलाब लागले की मीठ-साखर-पाणी पाजायचं, हे आपल्याकडे आता कुणाला शिकवावं लागत नाही. त्यातली साखर मात्र बहुतेकांना चवीसाठी किंवा अंगात ताकद यावी म्हणून घातलेली वाटते. तिचं खरं काम निराळंच आहे.

कॉलऱ्यात आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर ओतत सुटतात. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर तेही टिकत नाही. म्हणून १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटा यांनी खारं पाणी थेट शिरेत सोडलं. १९५३ मध्ये कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून रुग्ण बरे केल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही; ते का लागू पडतं, याचं उत्तर तेव्हा हाताशी नव्हतं.

ते १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत आलं. रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की आतड्याच्या पेशीच्या पडद्यावरचा वाहक ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेतो. मेहूण जेवायला बोलवावं तसं. (दोन सोडियममागे एक ग्लुकोज, असं हे जरा अजब मेहूण!) ही मंडळी आत गेली की मागोमाग पाणी शिरतं. आणि कॉलऱ्याचं विष या वाहकाला धक्का लावत नाही. १९६८ मध्ये डेविड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ढाक्यात असं पाणी पाजून सलाइनची गरज ८० टक्क्यांनी घटवली.

तरी डॉक्टरांचा भरवसा सलाइनवरच. तो मोडला १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत, कॉलऱ्याच्या साथीत. सलाइन संपत आलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण बनवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ वर आलं. त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं २०२३ मध्ये, निधनानंतर. फार उशीर केला आपण.

घरी करताना लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढंच घ्या. लाडाने साखर वाढवू नका. जास्तीची साखर पेशींतलं पाणी उलट आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.