ससा ओळखीचा, आवाज कोणाचा?

मंडळी, लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो खिदळणारा ससा ठाऊक नाही, असा चाळिशीपुढचा माणूस ठाणे-डोंबिवलीत शोधून सापडायचा नाही. पण त्याला आवाज कोणी दिला, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. तो आवाज रामदास पाध्ये यांचा. आता अर्धवटराव म्हणा, लगेच ‘पाध्ये!’ असं उत्तर येतं. म्हणजे माणूस तोच, गळाही तोच. एका ठिकाणी नाव आवाजाला चिकटून राहिलं आणि दुसरीकडे गळून पडलं. हे कशामुळे होतं, ते आज आम्हांला तपासायचं आहे.

अर्धवटराव शंभरी ओलांडलेले गृहस्थ आहेत बरं का! रामदासांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांना बोलतं केलं. पुढे आवाडाबाई नव्हे, आवडाबाई आल्या, गंपू-चंपू झाले, असा संसार वाढला. रामदास शिक्षणाने यांत्रिकी अभियंते. 1967 पासून ते रंगमंचावर आहेत, आणि बाहुल्याच्या पोटातल्या कळा-दोऱ्यांत ते शिक्षण कामी आलं. वडिलांचा बाहुला मुलाच्या हाती आला आणि मुलाच्या गळ्यातून बोलू लागला, तरी प्रेक्षकांच्या लेखी अर्धवटराव तेच राहिले. आवाज बदलूनही पात्र टिकलं, ही आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराला झोप न येऊ देणारी गोष्ट आहे.

या कलेला मराठीत शब्दभ्रम म्हणतात. फार नेमका शब्द. आवाज काही गळ्यातून उडून बाहुल्याकडे जात नाही. तो कलावंताच्याच तोंडून येतो. आपला कान डोळ्याचं ऐकतो. ज्याचं तोंड हलताना दिसतं, तोच बोलतोय असं आपण ठरवून टाकतो. म्हणून कलावंताने स्वतःचे ओठ हलवायचे नाहीत. पण प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय नीट निघत नाहीत. ती जिभेवर निभावून न्यावी लागतात. अर्धवटराव या नावात यातलं एकही अक्षर नाही, पण बिचाऱ्याने बायकोला हाक मारायची म्हटली की ‘बाई’तला ब आडवा येतो, आणि पोरांच्या नावांत तर म् आणि प दोन्ही!

कार्टूनला आवाज देणाराही याच भ्रमावर जगतो. टीव्हीचा स्पीकर कुठेही असो, आवाज चित्राच्या तोंडातून आल्यासारखाच वाटतो. फक्त त्याची अडचण उलटी. शब्दभ्रमकार ओठांची अक्षरं टाळतो, तर परभाषेतून डबिंग करणारा ती शोधत फिरतो. पडद्यावरच्या पात्राचे ओठ मिटले की तिथे प किंवा म असलेला शब्द बसवायचा. वाक्य लांब झालं तर छाटायचं, तोकडं पडलं तर एखादा ‘अरे’, ‘बघ ना’ घालायचा. जपानी पात्राची घाई हिंदीत मावली पाहिजे आणि अर्थही राहिला पाहिजे. मेघना एरंडे यांनी हिंदीतल्या निंजा हातोरीला आवाज दिला, तो मुलांना त्याचा स्वतःचाच वाटला, यामागे ही मेहनत आहे. कल्याण-डोंबिवलीची बालनाट्यातून आलेली मुलं लोकलने धक्के खात अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओपर्यंत जातात, ती हेच शिकायला.

फरक एवढाच, की पाध्ये बाहुल्याच्या शेजारी दिसतात आणि डबिंगवाला काचेमागे असतो. पैठणच्या आख्यायिकेत वेद रेड्याच्या मुखातून आले. तरी श्रेय ज्ञानोबांना मिळालं, कारण ते तिथे उभे होते आणि हात त्यांचा होता. ‘झपाटलेला’ (1993) मधल्या तात्या विंचूचं पाहा. बाहुला पाध्ये यांनी घडवलेला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. प्रभावळकर चित्रपटात हाडामांसाचा तात्या म्हणून आधी दिसतात, म्हणून तो आवाज आपण त्यांच्या नावावर मांडतो. दूरदर्शनच्या ‘जंगल बुक’मधला शेरखान नाना पाटेकरांचा, हेही लोकांना ठाऊक आहे, पण तिथे चेहरा आधी प्रसिद्ध होता. ज्यांचा चेहराच कधी समोर आला नाही, त्यांनी काय करायचं?

अमेरिकेत आणखी एक ससा आहे, बग्ज बनी. 1940 पासून त्याचा आवाज मेल ब्लँक यांचा. त्यांनी निर्माते लिऑन श्लेसिंगर यांच्याकडे पगारवाढ मागितली. ती नाकारली गेली, आणि बदल्यात श्रेयनामावलीत नाव मिळालं. कंजूष मालकाने दिलेलं हे नावच ब्लँक यांना पगारवाढीपेक्षा फायद्याचं ठरलं. कामं चालून आली. 1961 साली मोटार अपघातानंतर ते बेशुद्ध होते. डॉक्टरांनी ‘बग्ज, कसा आहेस?’ असं विचारलं तेव्हा ते सशाच्या आवाजात बोलले, असं सांगतात.

आपल्याकडे नामावलीतलं नाव म्हणजे निव्वळ मानपान, असं पुष्कळांना वाटतं. आम्हांला ते पटत नाही. ते सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखं आहे. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. 2012 च्या दुरुस्तीने कलावंताला त्याच्या सादरीकरणाबरोबर ओळखलं जाण्याचा हक्क दिला. पण त्याच दुरुस्तीत एक मेख आहे: चित्रपटातलं ज्याचं काम किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव कुठेच दिलं जात नाही, त्याला ‘कलावंत’च धरायचं नाही, फक्त सादरीकरणाच्या विकृतीविरुद्धचा हक्क तेवढा उरतो. आता, मुख्य पात्राचा आवाज किरकोळ म्हणता येणार नाही. पण तीन-चार प्राण्यांना मिळून ओरडणाऱ्या पोराचं काय? नाव न देण्याचा रिवाज मालकांनीच पाडायचा आणि त्याच रिवाजावर हक्क मोजायचा!

यंत्राने आवाजाची नक्कल होऊ लागल्यापासून हे प्रकरण तातडीचं झालं आहे. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांना त्यांच्या आवाजाच्या अशा नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. उत्तम झालं. पण त्यांची कीर्ती हाच त्या दाव्याचा पाया होता. ज्याचा आवाज घराघरांत आहे आणि नाव कुठेच नाही, त्याने आधी तो आवाज आपलाच आहे हे सिद्ध करायचं. कशावरून? हाताशी असलाच तर स्टुडिओचा एखादा व्हाउचर असेल.

काही ओटीटींवर हल्ली प्रत्येक भाषेतल्या आवाजांची पाटी शेवटी येते. हिंदीची येते, मराठी असेल तर मराठीचीही. पण ती सगळ्या नामावलीच्या तळाशी, आणि तिथे पोचण्याआधीच पुढचा भाग आपोआप सुरू होतो. नातवंडं कार्टून बघत असतील तेव्हा रिमोट हातात घ्या, तो पुढचा भाग थांबवा आणि पाटी वाचून दाखवा. आता प्रश्न घेऊया.