आरोग्यसंशोधनातील व्यावसायिकांचा सहभाग

आरोग्यविषयक संशोधनाचा प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष अमलात आणण्यापर्यंत, ज्यांच्या रोजच्या कामावर त्या संशोधनाचा परिणाम होणार आहे अशा डॉक्टर, परिचारिका, एएनएम, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आरोग्य अधिकारी यांना निर्णयात वाटा देणे. आशा स्वयंसेविका मानधनावर काम करतात, त्यामुळे त्यांना व्यावसायिक म्हणावे का, असा वाद घातला जातो. गावपातळीवरची माहिती त्यांच्याच हातून गोळा होत असल्याने या नोंदीत त्यांनाही धरले आहे. प्रत्यक्षात या मंडळींकडे छापील तक्ता भरण्यापुरतेच काम येते. तक्त्यात काय विचारावे, हे त्यांना कोणी विचारत नाही. या उणिवेने संशोधनच लंगडे होते. चाळीसगाव तालुक्यातील तांड्यांमधून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. बालकांच्या पोषणाची पाहणी जानेवारीत केली, तर सर्वांत जोखमीची मुलेच नोंदीबाहेर राहतील. हे तिथल्या आशाला ठाऊक असते, नमुना ठरवणाऱ्याला ते असेलच असे नाही.

महाराष्ट्रातील पुरावा या बाजूने भक्कम आहे. महाड परिसरात विंचूदंशाचे रुग्ण तपासताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय आणि त्यानंतर फुफ्फुसात साचणारे पाणी यांचा क्रम टिपला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध इथे उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्यापूर्वी गंभीर दंशात शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. पुढे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. हा प्रश्न रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहिल्याशिवाय सुचणारा नव्हता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने याच्याही पुढचे पाऊल टाकले. ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी, जंतुसंसर्गाची ओळख आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून आशांमार्फत राबवली जाणारी घरगुती नवजात-काळजी याच कामावर उभी आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की प्रत्यक्ष उपचार करणाऱ्याचा अनुभव म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे. हे खरे आहे. पण अनुभवातून प्रश्न मिळतो आणि उत्तर चाचणीतूनच घ्यायचे असते. बावस्करांनीही पुढे प्राझोसिन एकटे आणि प्रतिविषासह अशी यादृच्छिक चाचणी केली. ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: व्यावसायिकांचे हितसंबंध, औषध कंपन्यांशी असलेले नाते, स्वतःच्या पद्धतीवरचा लोभ. म्हणूनच प्रश्न आणि कार्यपद्धती ठरवताना त्यांचा शब्द घ्यावा, हितसंबंध लेखी जाहीर करून घ्यावेत आणि आकडेवारीचे विश्लेषण स्वतंत्र हातांत ठेवावे. तिसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. तो रास्त आहे, आणि त्यावर उपाय एकच: या कामाचे वेगळे मानधन आणि राखीव वेळ. फुकटात घेतलेला सल्ला पहिल्या मोहिमेच्या धबडग्यात बाजूला पडतो.

खानदेशात सिकलसेलच्या कामात याची निकड स्पष्ट दिसते. भिल्ल आणि पावरा समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. गावात होणारी विद्राव्यता चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनंतर कळते. या दोन चाचण्यांच्या मधल्या काळात अहवाल कुठे अडकतो, लग्नाच्या वयाची मुलगी पुन्हा का येत नाही, याचे उत्तर तंत्रज्ञ आणि एएनएम यांच्याकडेच मिळण्याचा संभव सर्वांत जास्त. धुळे आणि जळगाव येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या संशोधनाचे विषय उपकेंद्रांशी बोलून ठरावेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नैतिकता समितीत विधिज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक यांना जागा दिली आहे. परिचारिका किंवा एएनएम यांच्यासाठी तशी राखीव जागा नाही. ती असायला हवी.