लष्करी बळाने लोकशाही येते का? मराठवाड्याचा दाखला

शिरूर कासार : सिंदफणेच्या खोऱ्यातील शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पश्चिमेला पाथर्डी तालुका लागला, की अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा सुरू होतो. १९४८ पूर्वी ही दोन राज्यव्यवस्थांमधील सरहद्द होती. पलीकडे मुंबई प्रांतात, मर्यादित मताधिकाराने का होईना, १९३७ मध्ये निवडून आलेले मंत्रिमंडळ सत्तेवर आले. अलीकडे मात्र निजाम मीर उस्मान अली खान यांचा अंमल होता. बाहेरून आलेले सैन्य लोकशाही रुजवू शकते काय, हा जगभर चर्चिला जाणारा प्रश्न म्हणूनच मराठवाड्याला परका नाही.

पाच दिवसांची कारवाई

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. तथापि विलीनीकरणास निजाम तयार नव्हते आणि कासिम रझवी यांच्या रझाकार संघटनेचे अत्याचार वाढत गेले. हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. भारताने हा अंतर्गत प्रश्न मानला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरसह अनेक दिशांनी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामांनी शरणागती जाहीर केली. सरकारने या मोहिमेस 'पोलीस कारवाई' म्हटले.

फौजेआधीची चळवळ

लोकशाहीची मागणी मात्र फौजेबरोबर आलेली नव्हती. महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये, तर हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये उभी राहिली. स्टेट काँग्रेसवर तत्काळ बंदी आली आणि सत्याग्रहींना तुरुंगवास घडला. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी बीड जिल्ह्यातीलच अंबाजोगाई येथे योगेश्वरी शाळेत अध्यापन केले होते. तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा सुरू होता. राज्य चालविण्यास इच्छुक आणि लोकांना परिचित असलेले नेतृत्व अशा रीतीने आधीच घडले होते.

बंदुकीनंतर मतपेटी

मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळ कायदा झाला. चौधरी यांच्यानंतर सनदी अधिकारी एम. के. वेलोडी यांच्याकडे सूत्रे आली. बाहेरून आणलेल्या अधिकाऱ्यांविषयीचा असंतोष १९५२ च्या मुलकी आंदोलनात उघड झाला. तत्पूर्वी त्याच वर्षी प्रौढ मतदानाने निवडणूक होऊन बी. रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले होते.

खरी कसोटी बीडमध्ये दिसली. दिल्लीत सत्तेवर असलेल्या काँग्रेसला येथे लोकसभेची जागा मिळाली नाही. पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र परांजपे निवडून आले. ज्या सरकारने फौज पाठविली, त्याच्याच पक्षाला मतदार नाकारू शकले आणि तो कौल मान्य झाला. गोव्यातही १९६१ च्या लष्करी कारवाईनंतर १९६३ च्या निवडणुकीत काँग्रेसऐवजी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला.

चुकविलेली किंमत

कारवाईच्या काळात व नंतर मुस्लिम वस्त्यांवर भीषण हल्ले झाले. केंद्राने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. हा अहवाल अनेक दशके जनतेसमोर आला नाही. विजयाच्या इतिहासात ही नोंद वगळता येणार नाही.

इतर देशांचा अनुभव

जपानमध्ये १९४५ नंतर लोकशाही टिकली. पण तेथे १८९० पासून संसद होती. इराकमध्ये २००३ साली सैन्य व प्रशासनाची घडी मोडली गेली आणि देश यादवीत लोटला गेला. अफगाणिस्तानात वीस वर्षांच्या परकीय लष्करी उपस्थितीनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले.

मराठवाड्याचा दाखला या देशांना जसाच्या तसा लागू पडत नाही. हैदराबाद संस्थान चहूबाजूंनी भारताने वेढलेले होते आणि येथील जनतेला समान नागरिकत्व व राज्यघटना मिळाली. सैन्याने जुनी राजवट हटविली. लोकशाही उभी केली ती आधीच्या चळवळीने आणि साडेतीन वर्षांत मिळालेल्या मताधिकाराने. या दोन गोष्टी नसतील, तर फौजेच्या हाती उरतो तो केवळ ताबा.