वाइन, समुद्र आणि आमचं तेर

परवा मित्रांबरोबर रोड ट्रिपचा प्लॅन चालला होता. आधी नाशिकच्या वायनरी, मग समुद्र. मी म्हटलं, सुरुवात आमच्या लातूरहून करू. सगळे हसले. "मराठवाड्यात आहे काय? प्यायला पाणी तरी आहे का?"

राग आला. पण उत्तर लातूरच्या जवळच होतं. मुरूड, ढोकी करत गेलं की तेर लागतं. हेच प्राचीन तगर, असं फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली दाखवून दिलं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात चक्क रूट दिलाय. भडोच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. म्हणजे गाड्यांचा महिनाभराचा प्रवास! तगरचं सुती कापड, मलमल धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिलं नाव कुणाचं? वाइनचं. त्यातही पसंती इटलीच्या वाइनला.

तेरच्या म्युझियममध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं होतं.

खरं सांगू? लातूरला वाढूनही मी तेर एकदाही पाहिलेलं नाही. मग हसणाऱ्यांना काय बोलणार?

असो. नवा प्लॅन : तेर, पैठण, नाशिक, भडोच. नाशिकला वाइन घ्या, पण गाडी चालवणाऱ्याने नाही. आणि पहिला मुक्काम तेरलाच!